स्वर्गातले बूट

मी एक जुना स्वर्ग आहे.

हसू नका, मित्रांनो. जुनी छत्री, जुनी खुर्ची, जुना कंदील यांची रडगाणी तुम्ही गंभीर चेहऱ्याने वाचता. मग स्वर्गानेच काय घोडं मारलंय? एका चर्चच्या वेदीमागे जी अर्धगोल भिंत आहे, तिच्यावर मी रंगवलेला आहे. मधोमध सिंहासनावर ख्रिस्त, त्याच्या पायाशी कोकरू, तिथून निघालेली स्वच्छ नदी, काठावर बारमाही फळणारं झाड, वर कर्णे फुंकणारे देवदूत आणि खाली पांढरे झगे घातलेले, तरून गेलेले लोक. एवढा माझा संसार. डोळे मला पुष्कळ आहेत, कान त्याहून जास्त, आणि तोंडं तर सगळी उघडीच. पण बोलायची सोय आजवर कुणी केली नव्हती. आज संधी मिळाली आहे, तेव्हा ऐकून घ्या. मी रागावलेलो आहे.

रागाचं पहिलं कारण साधं आहे. प्रत्येकाला माझ्यात यायचं असतं, पण माझ्यावरची जळमटं काढायला कुणाला वेळ नसतो.

असो. जन्मापासून सांगतो.

माझा जन्म ओल्या चुन्यात झाला. चित्रकार म्हणजे एक लांब मानेचा, किरकिऱ्या माणूस. त्याच्या जोडीला एक गवंडी होता. रोज सकाळी चित्रकाराला संध्याकाळपर्यंत जेवढं रंगवून होईल, तेवढ्याच भागावर गवंडी ओला गिलावा चढवायचा. चुना ओला आहे तोवर रंग लावायचा. चुना तो रंग पिऊन टाकतो, आणि वाळला की दोघांचा मिळून दगड होतो. मग तो रंग निघत नाही, धुतला जात नाही. चूक झालीच तर तेवढा तुकडा ठोकून काढायचा आणि उद्या पुन्हा नवा गिलावा. म्हणून परांचीवर चढताना गवंडी रोज विचारायचा,

"आज किती स्वर्ग?"

"एक संत आणि दोन ढग," चित्रकार म्हणायचा.

"एवढाच? परवा तर अडीच संत झाले होते."

"परवाचे दाढीवाले होते. दाढी असली की हनुवटीची मेहनत वाचते."

अशा हिशेबाने मी वाढलो. चित्रकाराची एक खोड होती. मनाने चेहरा काढायला तो साफ नकार द्यायचा. "जे कधी पाहिलेच नाहीत, त्यांचे चेहरे मी कुठून आणू?" असं म्हणून तो बाजारात जायचा आणि माणसं धरून आणायचा. संत पेत्राच्या हातात स्वर्गाच्या किल्ल्या असतात. त्या कशा धरायच्या हे कुलूपवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून पेत्राला कुलूपवाल्याचा चेहरा मिळाला. कर्णे फुंकणारे देवदूत म्हणजे गावच्या बँडमधले वाजवणारे, फुगलेल्या गालांसकट. झाडाखाली हात जोडून उभा आहे तो पाववाला. मला लोकांसाठी उघडलं त्या दिवशी पाववाल्याची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून तिने विचारलं,

"हे इथे? यांना आत कुणी घेतलं?"

"मीच घेतलं, वहिनी," कुलूपवाला अभिमानाने म्हणाला. "किल्ल्या माझ्याकडे आहेत."

"मग कुलूप बदला."

सगळं चर्च हसलं. मित्रांनो, स्वर्गासमोर माणसं एवढी मोकळी हसली, तो दिवस मी विसरलेलो नाही. तशी दुसरी वेळ यायला फार उशीर झाला.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो, त्यांचं काम पुढे पडणार आहे. पहिली अशी की त्या पवित्र नगरीला चित्रकाराने वेशी काढल्या, पण एकाही वेशीला कवाड काढलं नाही. कुलूपवाला दुखावला.

"दारंच नाहीत तर मी किल्ल्या घेऊन कशाला उभा?"

"शोभेला," चित्रकार म्हणाला. "तिथली दारं कधी लागतच नाहीत. शास्त्रात तसंच आहे, मी काय करू?"

दुसरी गोष्ट धोबिणीची. सिंहासनाच्या उजव्या हाताला, अगदी पुढच्या रांगेत, कुणाही मोठ्या माणसाला हवीहवीशी वाटावी अशी जागा आहे. तिथे चित्रकाराने गावातली धोबीण उभी केली. त्याचं म्हणणं सरळ होतं. स्वर्गात सगळ्यांचे झगे पांढरेशुभ्र, ते घालून सगळे मिरवतात, मग धुणारीने मागे का उभं राहायचं? धोबीण अनवाणी आहे, बाह्या वर सारलेल्या, आणि तिने एक पांढरा झगा दोन्ही हातांनी समोर उघडा धरला आहे. न्हाऊन आलेल्या मुलाला टिपायला आई पंचा धरते ना, तसा. पण समोर कुणीच नाही. जागा मोकळी.

"हा झगा कुणाचा?" तेव्हाच्या फादरांनी विचारलं होतं.

"येणाऱ्याचा," चित्रकार म्हणाला, आणि ब्रश धुवून निघून गेला. पुन्हा तो मला दिसला नाही.

पहिली काही वर्षं माझं कौतुक झालं. प्रवचन लांबलं की मुलं माझ्यातले देवदूत मोजायची आणि म्हातारी माणसं आपल्या जागा बघून ठेवायची. पुढे लोकांना माझी सवय झाली. मित्रांनो, सवय ही फार वाईट धूळ. ती झटकता येत नाही.

मेणबत्त्यांच्या काजळीने आधी माझं आकाश तपकिरी झालं. मग कुणी तरी प्रवचन मागच्या बाकांपर्यंत ऐकू जावं म्हणून एका देवदूताच्या कोपरात खिळा ठोकून तिथे भोंगा टांगला. ज्याच्या हातात कर्णा आहे, त्याच्याच कोपरात! नदीतून विजेची तार नेली. आणि शेवटी, माझा अपमान पुरा व्हावा म्हणून, सिंहासनाच्या वर एक घड्याळ लावलं. जिथे रात्र होत नाही, काळ सरत नाही, तिथे घड्याळ. तेही मागे पडणारं. कुणाला काही वाटलं नाही. उलट प्रवचन चालू असताना सगळे भक्तिभावाने वर बघू लागले, आणि फादरांना वाटलं, लोकांचं मन स्वर्गाकडे लागलंय.

पण खिळे, तारा हे सगळं मी गिळलं असतं. माझा खरा संताप निराळा आहे. तो आता सांगतो.

त्या काळी चर्चची घंटा वाजवणारा एक माणूस होता आणि त्याची बायको चर्च झाडायची. अबोल नवरा, फटकळ बायको. जोडी छान जमलेली. त्यांना मूल झालं. फार अशक्त होतं. बाप्तिस्म्याचा दिवस ठरवेपर्यंतही ते थांबलं नाही. घंटावाला त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन आला, आणि माझ्यासमोर, पहिल्या बाकापाशी, दोघं उभी राहिली. चर्चमागच्या दफनभूमीत एक हातभर जागा हवी होती. बाकी काही नको होतं.

समितीचे अध्यक्ष तेव्हा थोरले साहेब होते. भारदस्त माणूस. त्यांचे बूट कर्रकर्र वाजायचे. ते आत आले की आधी बूट ऐकू यायचे आणि मग साहेब दिसायचे.

"बाप्तिस्मा झाला होता का?" साहेबांनी विचारलं.

"नाही झाला, साहेब. वेळच नाही मिळाला," घंटावाला म्हणाला.

"मग कुंपणाच्या आत कसं पुरता येईल? नियम मी केलेला नाही."

फादर खाली बघत होते. त्यांनी जमिनीचा फार बारकाईने अभ्यास केला त्या दिवशी.

"साहेब," बाई म्हणाली, "त्याने पाप करायला डोळेसुद्धा पुरते उघडले नव्हते."

"बाई, भावना मला कळतात. पण नियम म्हणजे नियम."

आणि हे कुठे, तर माझ्यासमोर! माझ्या त्या सगळ्या उघड्या, बिनकवाडाच्या वेशींसमोर! कुलूपवाल्याच्या हातातल्या किल्ल्या मी त्या दिवशी साहेबांच्या टाळक्यात टाकल्या असत्या, पण त्या चुन्यात घट्ट बसल्या होत्या. उत्तम गिलाव्याचा हा एक तोटा आहे.

मूल कुंपणाबाहेर, गटाराच्या कडेला पुरलं गेलं. पुढे रस्ता रुंद झाला, आणि ती जागा कुठे होती हेही कुणाला सांगता येईना. बाईला दिवा लावायलासुद्धा ठिकाण उरलं नाही. रोज ती केर काढायची, आणि केर काढता काढता माझ्याकडे बघायची. बघणं कसलं, डोळे वटारायची. मी काय उत्तर देणार? मला तेव्हा माझीच लाज वाटायची, आणि साहेबांचा संताप यायचा.

काही वर्षांनी थोरल्या साहेबांनी चर्चवर नवं छप्पर घातलं. छप्पर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मला गळतीपासून त्यानेच वाचवलं. पण समितीला उपकार फेडायची घाई झाली, आणि ठराव झाला की साहेबांचा चेहरा स्वर्गात घ्यावा. हयात माणसाला, ठराव करून, हात वर करून! पेत्राला कुणी विचारलंही नाही. जागा कोणती? अर्थातच पुढच्या रांगेतली, उजव्या हाताची. धोबिणीची.

चित्रकार कुठे मिळणार, म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक जण बोलावला. हा पाटीवाला म्हणजे घंटावालीचा धाकटा भाऊ. हात सफाईदार, पण सवयी पाट्यांच्या. साहेबांना त्याने जाड काळी कड मारली, बाजूला दुकानाच्या अक्षरांना देतात तशी सावली दिली, आणि डोक्यामागे दोरी धरून असं रेखीव तेजोवलय काढलं की त्यात घड्याळाचे काटे काढायचे तेवढे बाकी राहिले. धोबिणीच्या तोंडावर साहेबांचं तोंड आलं, तिने धरलेल्या झग्यावर साहेबांचा जांभळा डगला आला, आणि तिच्या अनवाणी पावलांवर काळे चकचकीत बूट. स्वर्गात बूट घालून आलेला तो पहिलाच माणूस.

एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. घंटावाली खाली फरशी पुसत होती. पाटीवाल्याने परांचीवरून हाक मारली.

"ताई, यांच्या पायाशी थोडी जागा उरलीय."

"मग?"

"मग म्हणजे? खाली यांनी जागा दिली नाही ना? आता यांच्याच डगल्याखाली बसवतो त्याला. बघू कोण उठवतं."

फडकं बादलीत टाकून ती उभी राहिली. मग शिडीला हात लावून म्हणाली, "शिडी हलतेय तुझी. धरते मी."

"कसा होता गं? मी पाहिलाच नव्हता."

"बारीक होता. नाक आमच्या ह्यांच्यासारखं. पायांना नुसती कातडी."

पाटीवाला ओशाळला. "ताई, खरं सांगू? मला बाळ एकच येतं. बिस्किटांच्या पाटीवरचं."

"मग तेच काढ."

त्याने तेच काढलं. उघडंबंब, गोल पोट, मनगटाला वळ्या, एक पाय साहेबांच्या बुटावर टाकून बसलेलं. पाटीवर त्याच्या हातात बिस्कीट असतं. इथे सवयीने हात तसाच उचलला गेला, मग बिस्कीट तेवढं गाळलं. बाई मान वर करून बघत राहिली.

"आपल्यासारखा नाही दिसत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "गुटगुटीत झालाय. तिथे खायला मिळतं म्हणायचं."

मित्रांनो, माझ्यासमोर मोठमोठी प्रवचनं झाली आहेत. माझ्यातल्या सुखाचं वर्णन करता करता विद्वान लोकांचा घसा बसला आहे. पण मी कशासाठी आहे, ते मला त्या एका वाक्याने कळलं.

संध्याकाळी थोरले साहेब आपला चेहरा बघायला आले. कर्रकर्र. वर बघून खूश झाले; मग खाली नजर गेली.

"हे पोरगं कोण?"

"देवदूत आहे, साहेब," पाटीवाला म्हणाला. "मोठ्या माणसाच्या पायाशी एक असावा लागतो. रीतच आहे."

"पंख कुठेत?"

"मागे आहेत. ते आपल्याकडे तोंड करून बसलंय ना."

साहेबांनी मान डोलावली. मोठेपणाची रीत म्हटली की साहेबांना कारण लागत नसे.

त्यानंतर वर्षं गेली. थोरले साहेब वारले आणि कुंपणाच्या आत, ऐसपैस जागेत झोपले. घंटावालाही गेला. मग बाईच घंटा वाजवू लागली, म्हातारी झाली, आणि गाव तिला घंटाआजी म्हणू लागलं. घंटा वाजवून झाली की पुढच्या बाकावर बसायची, कडेला, आणि वर बघून हळू आवाजात बोलायची. "आज गारठा आहे, पाय पोटाशी घे." "त्या डगल्यात तोंड पुसू नकोस." लोकांना वाटायचं, म्हातारी प्रार्थनेत बुडालीय. थोरल्या साहेबांचा नातू, म्हणजे धाकटे साहेब, आता अध्यक्ष झाला होता. त्याला तर वाटायचं, आजी आपल्या आजोबांना हात जोडतेय. एकदा तिला म्हणालासुद्धा, "आजी, तुमच्यासारखी जाण आता कुणाला नाही." आजीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याच्या जागी मी असतो तर पोपडे धरले असते.

पोपडे मला तसेही धरलेच होते. मग समितीला जाग आली आणि जुनी चित्रं साफ करणाऱ्या एका बाईंना बोलावण्यात आलं. जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. काडीला कापूस गुंडाळायचा, उग्र वासाच्या औषधात बुडवायचा आणि नखाएवढी जागा पुसायची, की काडी बदलून पुढची. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं,

"माझा नियम एकच आहे. चित्रकाराने ओल्या चुन्यात काढलंय ते राहील. नंतर कोरड्यावर कुणी काय चढवलंय ते जाईल. मग ते काही का असेना."

धाकट्या साहेबांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. त्यांना घड्याळाबद्दल वाटलं असावं.

घड्याळ गेलं, भोंगा गेला, खिळे गेले. काजळी उतरली आणि माझं आकाश पुन्हा निळं झालं. मग बाई पुढच्या रांगेकडे वळल्या. पाट्यांचा रंग तो! औषध लागताच थोरले साहेब विरघळायला लागले. आधी वलय गेलं, मग कपाळ, मग मिशी. त्या दिवशी धाकटे साहेब सहज म्हणून डोकावले आणि जागच्या जागी थिजले.

"बाई! माझे आजोबा कुठे आहेत?"

बाईंनी हातातला जांभळा बोळा पाहिला. "थोडे इथे. बाकीचे त्या पिशवीत."

"त्यांनी या चर्चला छप्पर दिलंय!"

"छप्पर मी काढत नाहीये."

"तुम्ही माझ्या आजोबांना स्वर्गातून बाहेर काढताय, कळतंय का तुम्हाला?"

"साहेब, ते वरवर लावलेले होते," बाई चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाल्या. "आतपर्यंत गेलेच नव्हते."

खरं सांगतो, मित्रांनो, मला बरं वाटलं. उकळ्याच फुटल्या. डगल्याखालून धोबीण बाहेर आली. तोच घामेजला चेहरा, त्याच वर सारलेल्या बाह्या, तोच उघडा धरलेला झगा. माझ्या मनात आलं, घ्या आता नियम! पण हसू ओठावर असतानाच माझ्या लक्षात आलं की बाईंचा हात वरून खाली सरकतोय. डगल्याची कड गेली. आता धोबिणीच्या पावलांवर उरले ते दोन बूट. आणि बुटावर पाय टाकून बसलेलं ते बाळ. त्याच हाताचं, त्याच डब्यातल्या रंगाचं, त्याच दुपारी कोरड्यावर चढवलेलं.

नियम म्हणजे नियम. मी हे वाक्य आधी ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर सभा बसली. धाकटे साहेब रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. "माझे आजोबा नंतरचे म्हणून गेले ना? मग ते पोरगंही नंतरचंच आहे. ते आधी पुसा. मोठ्यांना एक न्याय आणि बिस्किटाच्या जाहिरातीला दुसरा, हे चालणार नाही."

आताचे फादर तरुण, मऊ बोलणारे. ते म्हणाले, "साहेबांचं म्हणणं तसं न्याय्य आहे." बाईंनी काडीला कापूस गुंडाळायला घेतला.

तेवढ्यात घंटाआजी आत आली. घंटेच्या खोलीतून तिने सगळं ऐकलं होतं. सरळ शिडीपाशी गेली आणि शिडीला हात लावून उभी राहिली. फार वर्षांपूर्वी धरली होती, तशीच.

"ते पोरगं माझं आहे," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना. मग तिने सांगितलं. फडकं, कुंपण, गटार, रस्ता, सगळं. आवाज चढवला नाही. एखाद्याला पत्ता सांगावा तसं सांगितलं. फादर लालबुंद झाले.

"आजी, आता आपण तसं मानत नाही. अशा बाळांना आपण देवाच्या दयेवर सोपवतो."

"बरं झालं," आजी म्हणाली. "कुणावर तरी सोपवलंत. पण बसवू कुठे त्याला? बाहेरची जागा तुमच्या रस्त्याखाली गेली. ही एवढीच आहे."

आता मघापासून गिळून बसलो होतो, तो माझा संताप सांगतो. आता तसं मानत नाही, म्हणे! चूक मागे घेतली, पण हातभर जागा परत दिली का? माझ्या वेशींना कवाडं नाहीत, आणि माझ्याखाली बसून माणसं पिढ्यान् पिढ्या कुंपणं मोजतात! मी एवढा भडकलो की पाववाल्याच्या खांद्याचा एक पोपडा टपकन वेदीवर पडला. सगळे दचकले. मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

धाकटे साहेब खाली मान घालून बसले होते. शेवटी हळूच म्हणाले, "आजी, मला हे कुणी सांगितलं नव्हतं." मग जरा थांबून, हट्टी मुलासारखे, "पण आजोबा तर गेलेच ना माझे."

"कुठे गेले? ते बूट कुणाचे आहेत?"

साहेबांनी वर बघितलं.

"राहू द्या त्यांनाही," आजी म्हणाली. "मी त्यांना कमी शिव्या दिलेल्या नाहीत, रोज घंटेच्या प्रत्येक ठोक्याला एक. पण पोराशेजारी बसून बसून आत्ता कुठे ते माणसात यायला लागले होते. आणि पोरालाही सवय झालीय. कुणीतरी वडीलधारं जवळ असलेलं बरं."

कुणीतरी नाकातून हसलं. मग आणखी कुणीतरी. मग साहेबच हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला.

"हेच बूट घालून यायचे ते," ते म्हणाले. "वाजायचे."

"वाजायचे म्हणजे! घंटेच्या आधी तेच ऐकू यायचे. मी ह्यांना म्हणायची, दोरी सोडा, बूट आले."

सगळं चर्च हसलं. पाववाल्याच्या बायकोनंतर पहिल्यांदाच.

बाई या सगळ्या वेळात चित्राकडे बघत होत्या. आता मीही माझ्याकडे त्यांच्या नजरेने पाहिलं, आणि मित्रांनो, स्वर्ग असून मी चकित झालो. वर धोबीण, दोन्ही हातांत पांढरा झगा उघडा धरलेली. आणि बरोब्बर तिच्यासमोर, खाली, ते उघडंबंब बाळ, हात वर केलेलं. चित्रकाराने मोकळी सोडलेली जागा, न पाहिलेला चेहरा काढायचा नाही या त्याच्या हट्टामुळे मोकळी होती, आणि पाटीवाल्याला तर डगल्याखालचा झगा पुन्हा कधी उजेडात येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण आता पाहणाऱ्याला एकच दिसत होतं. आई मुलाला न्हाऊ घालून बोलावतेय, आणि ते येतंय.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बुटांच्या बाजूची भिंत बोटाने टकटक वाजवली आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "खालच्या भागात ओल आहे. इथे औषध लावलं तर गिलावा सुटेल. मला हात लावता येणार नाही."

आणि काडी पिशवीत टाकून त्या शिडीवरून उतरल्या.

मित्रांनो, मी भिंत आहे. ओल कुठे आहे आणि कुठे नाही हे मला कुणी शिकवायला नको. खालचा भाग ठणठणीत कोरडा होता. एरवी कुणी माझ्या तब्येतीबद्दल असं खोटं बोललं असतं, तर मी आणखी एक पोपडा टाकला असता. पण त्या दिवशी चर्चमध्ये ओल होती, हे मात्र खरं. फक्त ती भिंतीत नव्हती.

घंटाआजी अजून घंटा वाजवते. बाकावर बसून वर बघते आणि म्हणते, "जा आता, गार वारा लागेल, घाल तो झगा." कधी कधी धाकटे साहेब तिच्याशेजारी येऊन बसतात. ते बुटांकडे बघतात.

म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. मला जपा. वर्षातून एकदा तरी जळमटं काढा, माझ्या देवदूतांत खिळे ठोकू नका, आणि घड्याळ लावायचंच असेल तर स्वर्ग सोडून कुठेही लावा. मला पुसायचं असेल तर जरूर पुसा. पण बोळा बुडवण्याआधी, कडेला कोण बसलंय आणि ते कुणाचं आहे, एवढं कुणाला तरी विचारा. आणि आत कोणाला घ्यायचं याच्या सभा कृपा करून माझ्याखाली भरवू नका. तो अधिकार तुमचा नाही, किल्ल्या शोभेच्या आहेत, आणि माझा चुना आता जुना झालाय. फार राग सोसवत नाही.

झगा धोबिणीने अजून धरलेला आहे. तिचे हात दुखत नाहीत, असं समजू नका.